रोलरमामांची कंबर

वस्तीचा रस्ता तांबड्या मातीचा. उन्हात दगड, पावसात लोणी. खडी आणायची तर फार लांबून आणावी लागणार. म्हणून ठरलं की तिथलीच माती उकरायची, तिच्यात सिमेंट मिसळायचं आणि रोलरनं दाबून पक्का थर करायचा. काम बघायला आलेली इंजिनिअर रोलरमामांची सख्खी भाची निघाली.

मामांची सगळी नोकरी रोडरोलरवर गेली होती. निवृत्त झाल्यापासून ते कंबर धरून खुर्चीत बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दुखणं ऐकवायचे.

"मातीत सिमेंट कालवून रस्ता? खेळ आहे का, चिमणे?"

भाचीनं मातीचे दोन सुकलेले गोळे, एक साधा आणि एक सिमेंट कालवलेला, पाण्याच्या बादलीत टाकले. साध्या गोळ्याचा बघता बघता गाळ झाला. सिमेंटचा मात्र ढिम्म. मामींनी तो उचलून पायरीवर आपटला. गोळा शाबूत राहिला, पायरीचाच टवका उडाला.

कामाच्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं. सिमेंट पसरून झालं, ट्रॅक्टरनं ते मातीत घुसळलं, टँकरनं पाणी शिंपडलं. इतक्यात रोलर ड्रायव्हरचा फोन वाजला. बायकोला दवाखान्यात नेलं होतं.

"ताई, आमचं पहिलंच आहे हो!" त्याला रडावं की हसावं कळेना.

"मग इथे काय करताय? पळा!" ती म्हणाली. तो दिसेनासा झाल्यावर तिनं घड्याळ पाहिलं. पाणी पडलेलं मिश्रण तास-दोन तासांत दाबलं नाही, तर ते सैल असतानाच कडक व्हायला लागणार आणि सगळी मेहनत वाया. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत संध्याकाळ झाली असती.

ती धावतच मामांच्या दारात आली.

"अगं, मी आलो असतो, पण ही कंबर..."

"कंबरेला काय धाड भरलीय?" मामी आतून म्हणाल्या. "काल पंखा पुसायला स्टुलावर कोण चढलं होतं? आणि रोलरचा परवाना गुपचूप नवा करून आणलात, तो काय फ्रेम करून लावायला?"

मामांनी निमूटपणे बूट चढवले.

नवा रोलर नुसता बटणांचा होता. मामांनी एक दाबलं आणि रखरखीत उन्हात काचेवरचा वायपर फिरायला लागला. मजूर खो खो हसले. मामाही हसले. भाचीनं सगळी बटणं समजावून दिली, आणि मग मात्र त्यांचा हात बसला. कडेपासून मध्यापर्यंत, एका पट्ट्यावर दुसरा चढवत ते सावकाश जात-येत राहिले. पाठ अशी ताठ, की मामी बघतच राहिल्या.

काम अर्ध्यावर असताना ड्रायव्हरचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. मामांनी इंजिनच्या वरताण आरोळी ठोकली, "लक्ष्मी आली रे!"

शेवटी थर पुरेसा दबला का ते तपासायला भाचीनं त्यात छोटा खड्डा घेतला, खड्ड्यात वाळू ओतली, वजनं केली, आकडेमोड केली. सगळे तिच्या वहीत डोकावत उभे.

"मामा, पास!"

तिनं रोलरवर चढून मामांना मिठीच मारली. मामांचे डोळे भरून आले. धूळ गेली म्हणाले.

इंजिन बंद झालं. मामी पदर खोचून पुढे आल्या. "इतकी वर्षं संसार केला, पण या खुर्चीत कधी बसवलं नाहीत मला."

"अगं, चढ ना!" मामांनी हात दिला.

मामी ऐटीत बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि सगळी वस्ती दचकेल असा हॉर्न वाजवला.