बारा मिनिटं पुढे

त्या घड्याळासाठी ध्रुव तीन वर्षं यादीत होता. पैसे खिशात असून चालत नाही म्हणे. घड्याळवाले आधी गिऱ्हाइकाला पारखून घेतात, मुलीकडचे स्थळ बघतात तसे. शेवटी एकदाचा होकार आला. पण घड्याळ हाती आल्यावर ध्रुवने ते ऑफिसात मिरवलं नाही की मित्रांना दाखवलं नाही. रविवारी सकाळी पेटी काखोटीला मारून तो परळच्या आपल्या एकतिसाव्या मजल्यावरून उतरला तो थेट गिरगावातल्या फणसवाडीत, आईबाबांकडे आला.

त्याला फक्त एक शब्द ऐकायचा होता. बाबांच्या, म्हणजे कमलाकांतांच्या तोंडून 'छान'. सेहेचाळीस वर्षांत तो त्याच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. दहावीत शाळेत पहिला आला, तेव्हा बाबा म्हणाले, "ठीक." परळचा फ्लॅट दाखवायला नेलं, तर त्यांनी खिडकीतून खाली डोकावून विचारलं, "लिफ्ट बंद पडली तर?" माणूस वाईट नव्हता हो. छत्तीस वर्षं एका कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढण्यात गेली. एखाद्या कागदात चूक सापडली नाही, तर दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं त्यांना. पण ध्रुवला वाटत होतं, या घड्याळात चूक काढणार कशी? ते बनवायलाच दीड वर्ष लागलं होतं.

"आधी देवापुढे ठेव," दारातच आई म्हणाली. तिचा, म्हणजे नलूताईंचा, आज संकष्टीचा उपास, त्यात घरात नवी वस्तू आलेली. त्यांनी घड्याळ देव्हाऱ्यात ठेवलं आणि ध्रुव "आई, काचेला नको" म्हणेपर्यंत काचेच्या मधोमध हळदकुंकू लागलं. मग ध्रुवने ते मऊ फडक्याने हलकेच पुसलं आणि बाबांच्या हातात दिलं.

"या घड्याळाला महिन्याचे दिवस आपोआप कळतात, बाबा. तीस, एकतीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस. लीप वर्षसुद्धा. वारही दाखवतं. सन एकवीसशेपर्यंत तारखेला हात लावायला नको. आणि यात बॅटरी नाही, सगळी नुसती चाकं."

"फेब्रुवारीचे दिवस मलाही कळतात," कमलाकांत म्हणाले. "भिंतीवर कॅलेंडर आहे. आणि एकवीसशेपर्यंत थांबणार कोण? तू?"

नलूताई चष्मा लावून वाकल्या. "अगंबाई, यात चंद्र आहे की! सोडू का उपास?"

"हा चंद्र भरदुपारीही दिसणार," कमलाकांत म्हणाले. "याच्या भरवशावर राहिलीस तर तुझी संकष्टी नाश्त्यालाच सुटेल."

ध्रुव हसला, पण आतून हिरमुसला. बाबांनी घड्याळ कानाशी नेलं, डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं. मग भिंतीकडे बघून समाधानाने म्हणाले, "मागे आहे."

"मागे नाही, बाबा. तुमचं पुढे आहे."

आता हे सांगायला हवं. ध्रुवच्या दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी कमलाकांतांनी भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे करून ठेवलं होतं, म्हणजे पोराला उशीर नको. परीक्षा झाली, पोरगा शिकला, लग्न होऊन परळला गेला, पण ती बारा मिनिटं काही मागे आली नाहीत. घरातल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती आणि प्रत्येक जण मनातल्या मनात ती वजा करत असे. मग पुढे ठेवून मिळवलं काय, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारत नसे. घरोघरी मातीच्या चुली, आणि गिरगावात घरोघरी घड्याळं पुढे.

"या घरात येणारं घड्याळ बारा मिनिटं पुढेच असतं," कमलाकांतांनी निकाल दिला.

नेमका तेव्हाच ध्रुवचा फोन वाजला. तो नेहमीच वाजायचा. ध्रुव दीड महिन्यातून एकदा पाऊण तासासाठी यायचा आणि त्यातला अर्धा तास गॅलरीत फोनवर असायचा. आजही बोटाने 'दोन मिनिटं' अशी खूण करून तो गॅलरीत गेला. आत कमलाकांतांनी घड्याळाची चावी ओढली.

त्यांचा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून महिनाही झाला नव्हता. मिनिटकाटा बारा मिनिटांच्या जरा पुढे गेला. आता तो मागे आणायचा? छे! काटे मागे फिरवले की घड्याळ बिघडतं, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. मग बारा तासांची अख्खी फेरी मारून पुन्हा अकरा वाजून बारा मिनिटांवर यायचं. तिथेही काटा जरा निसटला. पुन्हा फेरी. चौथ्या प्रदक्षिणेला काटे मनासारखे बसले.

ध्रुव आत आला, त्याने घड्याळ बघितलं आणि ते उजेडात धरलं. "बाबा, यात मंगळवार आलाय!"

"मंगळवार?" नलूताई दचकल्या. "मग माझी संकष्टी झाली की काय?"

ध्रुवने दुकानात फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, डेट मागे नाही येणार. मागे आणायची तर स्वित्झर्लंडला पाठवावं लागेल, सहा महिने लागतील. नाहीतर असं करा, चावी ओढून बंद ठेवा, मंगळवार आला की चालू करा." मग तिने विचारलं, "सर, पण पुढे केलं कोणी?"

"घरातलेच," म्हणून ध्रुवने फोन ठेवला.

कमलाकांत खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "म्हणजे मंगळवारी यावं लागेल तुला."

"मी घरी नेतो ना. कपाटात ठेवतो."

"तुझ्या घरी कोणीतरी हात लावेल," कमलाकांत गंभीरपणे म्हणाले. ध्रुवने चावी ओढून घड्याळ टेबलावर ठेवून दिलं. निघताना त्याने चपला घालता घालता विचारून घेतलं, "पण वाटलं कसं घड्याळ?"

"ठीक आहे. मंगळवारी बघू."

मंगळवारी संध्याकाळी एक मीटिंग बुडवून ध्रुव आला. एका आठवड्यात दुसऱ्यांदा. असं लग्नानंतर प्रथमच घडत होतं. टेबलावर थालीपिठं होती, लोण्याचा गोळा होता, आणि मधोमध धुतलेल्या रुमालावर घड्याळ होतं. ध्रुवने ते उचललं. यादीतली तीन वर्षं त्याच्या डोळ्यांसमोरून गेली.

"बाबा, यात शनिवार आहे."

"हो का?" कमलाकांत थालीपीठ मोडत म्हणाले. "जरा बारा मिनिटं बरोबर आहेत का बघायला गेलो. निसटला काटा."

"बाबा, शनिवार यायला आठ फेऱ्या लागतात."

"मग आठ वेळा निसटला असेल. डोळा अजून कच्चा आहे."

नलूताईंनी त्याच्या ताटात लोणी वाढलं. "दुपारभर बसून निसटवत होते," त्या म्हणाल्या. "मधे चहासुद्धा घेतला."

कमलाकांतांनी बायकोकडे रागाने बघितलं, पण तो राग काही टिकला नाही. त्यांचे कान लाल झाले होते. ध्रुवला आधी संताप आला, मग हसू आलं. खिशात फोन वाजायला लागला. त्याने तो न बघताच बंद केला.

"घड्याळ छान आहे हां तुझं," कमलाकांत ताटाकडे बघत म्हणाले. "उगाच काही म्हणत नाही. छानच आहे."

ध्रुवने घड्याळ पुन्हा रुमालावर ठेवलं, चावी ओढलेलीच होती. "शनिवारी किती वाजता येऊ?"

"अकराला ये. जेवूनच जा." कमलाकांतांनी भिंतीकडे बोट केलं. "आणि आमच्या अकराला हं, तुझ्या नव्हे."