दारावरची लाल पाटी

दीर आणि भावजय एकाच इस्पितळात नोकरीला असली की घरच्या भांडणाला पांढरा कोट चढतो, एवढाच काय तो फरक. ती तळमजल्यावरच्या जंतूंच्या प्रयोगशाळेची डॉक्टर. तो वरच्या मजल्यावरचा नावाजलेला सर्जन. तिला सगळे पाठीमागे ‘जंतूबाई’ म्हणत आणि हे नाव त्यानेच पाडलेलं. घरात तो धाकटा, आईच्या गळ्यातला ताईत. हिला मात्र सासूने पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं. नवरा जहाजावर इंजिनियर, म्हणजे भांडणाच्या वेळी हमखास समुद्रात.

त्यात सासूच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. साखर वाढलेली, जखम चिघळली, बाई इस्पितळात दाखल झाल्या. धाकट्याला आईसाठी कोपऱ्यातली खोली हवी होती. तिथे दोन खाटा, मोठी खिडकी आणि आतच न्हाणीघर. एका खाटेवर एक निवृत्त शिक्षिका होत्या. दुसरी रिकामी होती, कारण दारावर लाल पाटी होती आणि ती जंतूबाईने लावली होती. शिक्षिकाबाईंच्या लघवीत असा जंतू सापडला होता की कुठल्याच नेहमीच्या औषधाला तो हिंग लावून विचारत नव्हता. लाल पाटी म्हणजे दुसरा पेशंट ठेवायचा नाही, ड्रेसिंगची ट्रॉली वेगळी, हातमोज्यांशिवाय आत पाऊल नाही.

“वहिनी, कशाला बाऊ करता?” धाकटा खाली येऊन म्हणाला. “त्या बाईंना क्लेबसिएला, आईच्या जखमेत फार तर साधा ई. कोलाय असेल. ह्याचा त्याच्याशी काय संबंध? नेहमीच्या औषधाने आई आठवड्यात बरी होईल.”

“मला जंतूची भीती नाही, भाऊजी. त्याच्या पोटात प्लाझ्मिड आहे, डीएनएचं एक कडं. औषध निकामी करायची विद्या त्या कड्यावर आहे. ते ह्या जंतूतून त्या जंतूत जातं. जात वेगळी असली तरी जातं.”

“परका डीएनए आला की जंतू त्याचे तुकडे करतो. एवढं आम्हालाही शिकवलंय.”

“करतो ना. त्याच्याकडे कात्र्या आहेत. पण हे कडं उलगडून दोऱ्यासारखं आत सरकतं, आणि त्याचं जे टोक आधी आत शिरतं, त्याच्यावरच कात्र्या बंद पाडायची सोय असते. बाकीचा दोरा येईपर्यंत पहारेकरी गारद झालेला असतो.”

“छान गोष्ट आहे,” तो हसून म्हणाला. “आईच्या जखमेत तो क्लेबसिएला सापडला तर मला बोलवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वरच्या मजल्यावरून जात होती. कोपऱ्यातल्या खोलीच्या दारावर नुसता खिळा दिसत होता. आत, खिडकीजवळ, सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि एकच ट्रॉली दोन्ही खाटांच्या मध्ये उभी होती. काय झालं ते सिस्टरने मान खाली घालून सांगितलं. धाकट्याने आधी सिस्टरला फोन केला होता, प्रयोगशाळेने परवानगी दिली, पाटी काढा म्हणून. पाटी निघाली आणि मग मागून आईची खाट आली.

सासूने तिला दारात पाहिलं. “आलीस का इथेही नाक खुपसायला? पोराने खिडकीची खोली दिली तर लगेच तुझ्या पोटात दुखलं.”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. सिस्टर आणि शिक्षिकाबाईंदेखत ही बाई आपल्याला असं बोलते आणि आपण हिच्या पायासाठी जीव टाकतो. खाली तिच्या ड्रॉवरमध्ये दुसरी लाल पाटी होती. आणून लावायची, खाट बाहेर काढायला लावायची, धाकट्याशी चार लोकांत भांडायचं. हे सगळं तिला करता आलं असतं. भोगा म्हणावं आता, असं मनाशी म्हणून ती खाली गेली आणि ड्रॉवरला तिने हात लावला नाही.

जखमेचा पहिला अहवाल आला तेव्हा धाकट्याला कोण आनंद झाला. साधा ई. कोलाय. काचेच्या बशीत औषधाच्या प्रत्येक कागदी टिकलीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ होतं, म्हणजे प्रत्येक औषध लागू पडत होतं. डॉक्टरांच्या बैठकीत तो सगळ्यांसमोर म्हणाला, “जंतूबाईंचा बागुलबुवा काही आला नाही बुवा.” लोक हसले.

मग सासूला ताप चढला. औषध चालू असूनही अंगठा काळा पडला आणि काळेपणा घोट्याकडे सरकायला लागला. शिक्षिकाबाई तोवर बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या. तिने जखमेचा नमुना पुन्हा तपासला. ई. कोलाय तोच होता. पण नेहमीच्या औषधांच्या टिकल्यांभोवती एकही वर्तुळ नव्हतं, जंतू थेट टिकलीला जाऊन भिडले होते. तिने प्लाझ्मिड तपासलं. शिक्षिकाबाईंच्या जंतूत होतं तेच कडं निघालं. तिला धाकट्याचा राग येईना, स्वतःची किळस यायला लागली.

अहवाल घेऊन ती वर गेली. धाकट्याने वरची ओळ वाचली. “ई. कोलायच आहे. म्हटलं नव्हतं? तो जंतू नाहीच.”

“नाव वाचू नका. खाली वाचा.”

त्याने खाली वाचलं. पुन्हा वाचलं. मग दार लावून घेतलं आणि विचारलं, “हे अजून कोणी पाहिलंय?”

आई कशी आहे हे त्याने विचारलं नाही. ते तिने लक्षात ठेवलं.

जी औषधं अजून लागू होती ती सासूच्या मूत्रपिंडांना झेपणार नव्हती. पाय गुडघ्याखालून काढायचं ठरलं. आईला सांगायला धाकटा स्वतः गेला नाही. त्याने आधी सिस्टरला पाठवलं. प्रयोगशाळेचा अहवाल उशिरा आला, म्हणून ही वेळ आली, असं सिस्टरने सांगितलं. सासूने ऐकून घेतलं आणि सुनेला बोलावणं धाडलं.

“माझ्या पायाचा कागद दाबून ठेवलास म्हणे?”

“नाही, आई.” तिने सगळं सांगितलं. कडं, दोरा, आधी शिरणारं टोक, गारद होणारा पहारेकरी, काढलेली पाटी. आवाज न चढवता सांगितलं.

“कळलं,” सासू म्हणाली. “शाळेत काच फोडली की मास्तरांकडे आधी मला पाठवायचा. मी जाऊन त्यांचं तोंड गोड करायची, मग हा मागून यायचा. तेव्हा मी होते, आता सिस्टर आहे.”

सुनेला क्षणभर वाटलं, आता ही आपल्या बाजूने बोलेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“आता तुझं सांग,” सासू म्हणाली. “पाटी काढली त्या दुपारी तू दारात उभी होतीस. मी पाहिलं तुला. रिकाम्या खिळ्याकडे बघत होतीस.”

“हो.”

“दुसरी पाटी नव्हती तुझ्याकडे?”

“होती. ड्रॉवरमध्ये.”

“मग?”

खोटं बोलायला वाव होता. तिने तो घेतला नाही. “तुमचा राग आला होता.”

सासूने चादर सारून पायाकडे पाहिलं. पाय पोटरीपर्यंत पट्टीत होता. “तो मूर्ख आहे,” ती म्हणाली. “त्याला काही होणार नाही असंच वाटत होतं. तुला माहीत होतं.”

सासूने चादर पुन्हा पायावर ओढून घेतली.

“पाय दुसऱ्या डॉक्टरांना काढू दे, त्याला नको. आणि ती पाटी आण, दाराला लाव. माझं नाव घेऊन कोणी काढायला सांगितली तरी काढू द्यायची नाही. तो आत नको मला. तूसुद्धा नको.”

ती खाली गेली, ड्रॉवर उघडला, पाटी घेऊन वर आली. दार बाहेरून ओढून घेतलं आणि पाटी खिळ्याला अडकवली. व्हरांड्यातून धाकटा लगबगीने येत होता, चेहऱ्यावर आईला दाखवायचं हसू आणून. पाटी दिसली तशी त्याने ती काढायला हात पुढे केला.

तिने त्याचं मनगट धरलं. “आईंनी लावायला सांगितलीय,” ती म्हणाली. “आपल्या दोघांसाठी.”