वाचून दाखवणारं यंत्र

शनिवारी सकाळी दादा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याने घसा खाकरला. तेव्हाच ओळखलं, याला काहीतरी मागायचंय. एरवी तो दारात थांबत नाही, सरळ आत येतो आणि माझ्याच खुर्चीला धडकून मलाच ओरडतो.

"छोटे, तुझा कॉम्प्युटर मोकळा आहे का?"

मी बावन्न वर्षांची आहे, तो अठ्ठावन्नचा. या घरात मी अजून छोटीच आहे.

"कशाला हवाय?"

"तुला एक वस्तू घेत होतो. गुपचूप घेणार होतो, पण त्या फॉर्मात घोडं पेंड खातंय. रकाने एवढे एवढेसे. मी सांगतो, तू टाइप कर. आणि लवकर आटप, नऊच मिनिटं राहिलीयेत."

मला दिसत नाही, हे आताच सांगून टाकते. एकोणिसाव्या वर्षी डोळ्यांचा पडदा गेला, हळूहळू, कडेकडेने. हे कळलं की लोक माझ्याशी मोठ्याने बोलायला लागतात, जणू बिघाड कानात आहे. कानांवर तर माझं पोट चालतं. एका रुग्णालयातले डॉक्टर पेशंट तपासून झाले की त्यांचे अहवाल तोंडी सांगून ठेवतात, आणि ते ऐकून मी घरबसल्या टाइप करते. त्यातले एक डॉक्टर बिस्किट खाता खाता बोलतात, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करतात. मला सगळ्यांचं कळतं. पडद्यावर जे असेल ते माझा कॉम्प्युटर मला वाचून दाखवतो, आणि इतक्या वेगाने की दादा त्याला मधमाश्यांचं पोळं म्हणतो.

कागद मात्र दादाचा. माझे डोळे गेले तेव्हा मी कॉलेजात होते, आणि पुढची तीन वर्षं माझं प्रत्येक पुस्तक त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं. दिवसभर शिलाई मशीनवर बसायचा आणि मग अर्थशास्त्र वाचायचा. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जांभया देत, अडखळत, पण पान गाळलं नाही कधी. मी पास झाले तेव्हा पेढे वाटावेत इतका आनंद त्यालाच झाला होता, कारण सुटला होता. तेव्हापासून घरात आलेली प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक बिल तो खिडकीशी बसून, घसा साफ करून, बातम्या द्याव्यात तसा वाचतो.

वाचायचा, असं म्हणायला हवं. गेलं वर्षभर त्याचं एकच पालुपद होतं: "काही नाही गं, नेहमीचंच." आणि कागद मशीनच्या खणात.

आता माझीही चोरी सांगते. तीन वर्षांपूर्वी कामावरच्या एका बाईंनी माझ्या फोनमध्ये एक सोय करून दिली. कागदाचा फोटो काढला की फोन तो वाचून दाखवतो. फुकट. मी दादाला सांगितलं नाही. कसं सांगणार? तीस वर्षं ज्या कामाचा त्याने तोरा मिरवला, ते काम खिशातल्या एका डबीने काढून घेतलं असं तोंडावर सांगायचं? मी टपाल आलं की आधी खोलीत नेऊन गुपचूप ऐकायची, मग त्याच्या हातात द्यायची आणि पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा करायची.

त्यामुळेच मला ठाऊक होतं की तो थापा मारतोय. एकदा कागद आला, दोन दिवस पाणी बंद राहणार म्हणून. दादा म्हणाला, नेहमीचंच. मी गपचूप घरातली सगळी भांडीकुंडी भरून ठेवली आणि मनातल्या मनात त्याच्यावर धुसफुसत राहिले. कंटाळला मला, असंच वाटलं. इतकी वर्षं केलं, आता जीव विटला. एखाद्याने आपलं करता करता थकणं समजू शकतं, पण ते आपल्यालाच कळावं याचा फार राग येतो. तो राग मी वर्षभर पोटात घेऊन फिरत होते आणि वरणात मीठ जास्त झालं की त्यावर काढत होते.

"काय वस्तू आहे?" मी विचारलं.

"एक यंत्र आहे. दिव्यासारखं उभं राहतं. त्याच्याखाली कुठलाही कागद ठेवायचा, की ते मोठ्याने वाचून दाखवतं. बाजारात घ्यायला गेलं तर परवडणार नाही, इथे किमतीच्या पाचव्या भागात मिळतंय. फक्त आज."

म्हणजे आता थापा मारायचाही कंटाळा आला. यंत्र आणून बसवायचं, की हा मोकळा.

"पाठव तो दुवा," मी म्हणाले. आवाज कोरडा आला असावा, कारण तो जरा थबकला.

पान उघडलं. कॉम्प्युटर बोलू लागला आणि दादा माझ्या शेजारी स्टुलावर बसला. "बघ, किती झकास फोटो आहेत," तो म्हणाला. मी म्हणाले, "बघते." मीही बघतेच म्हणते. दुसरं काय म्हणायचं?

ज्याला दिसतं तो पानावरून नजर फिरवतो. मला ती सोय नाही. मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं ऐकावं लागतं, आणि खोटं बोलणाऱ्याची पंचाईत इथेच होते. पान सांगत होतं, नऊ मिनिटं शिल्लक. मी ते बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा नऊ मिनिटं. तिसऱ्यांदा उघडलं. नऊ.

"दादा, ही नऊ मिनिटं कधीपासून आहेत?"

"काल संध्याकाळपासून," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाच ते जरा विचित्र वाटलं. "पण लोकांनी तारे किती दिलेत बघ. पाच पाच."

ताऱ्यांखाली एकतीस जणांचे अभिप्राय होते. मी एकतीसच्या एकतीस ऐकले. एका शिक्षकाने लिहिलं होतं, माझ्या आजीला फार आवडलं, तिने आनंदाने मला मिठी मारली. मग एका दंतवैद्यानेही तेच लिहिलं होतं. मग एका माळ्याने. एकूण नऊ माणसांना मिळून एकच आजी होती आणि ती सगळ्यांना मिठ्या मारत सुटली होती.

दादा हसला. पण हसणं अर्धंच आलं.

"कुलूप आहे की वरती," तो म्हणाला. "बँकेतल्या बाई म्हणाल्या होत्या, कुलूप बघत जा."

"कुलूप म्हणजे आपण लिहू ते वाटेत तिसरा कुणी वाचत नाही, एवढंच. आपण लिहितोय कुणाला, ते कुलूप सांगत नाही. चोरालाही स्वतःच्या दाराला कुलूप लावता येतं ना?"

आमच्याविषयी, पत्ता, परत करायचे नियम, अशी बटणं होती. मी एकेक दाबलं. प्रत्येक बटण मला उचलून त्याच पानाच्या डोक्यावर आणून ठेवत होतं. पैसे द्यायची वाट एकच, कुणा एका माणसाच्या खात्यात थेट पाठवा. कोपऱ्यात गप्पा मारायची खिडकी होती, मदतीसाठी आम्ही आहोत म्हणून. मी तिथे लिहिलं, यंत्र हाताने लिहिलेलं वाचतं का? लगेच उत्तर आलं: हो मॅडम, उत्तम वाचतं, आजच मागवा. मी लिहिलं, त्यात चहा होतो का? हो मॅडम, उत्तम होतो, आजच मागवा.

"घे," मी म्हणाले. "चहापण करतं. माझी ददात मिटली."

मला वाटलं होतं आता दादा कपाळाला हात लावेल, आणि विषय संपेल. हा माणूस वाकडी टाचणी फेकत नाही, पक्कडीने सरळ करून परत वापरतो. पण तो म्हणाला, "तरी पाठवून बघू या. गेले तर गेले."

"दादा?"

"एखाद वेळेस खरं असेल. तू उगाच शंका काढतेस. पाठव."

त्याचा आवाज असा मी फार कमी वेळा ऐकलाय. गयावया होती त्यात. तेव्हा कुठे माझा राग जरा बाजूला सरला आणि मी नीट ऐकायला लागले, पानाकडे नाही, त्याच्याकडे. स्टूल पडद्याच्या अगदी जवळ ओढलेलं होतं. त्याचा श्वास काचेवर आपटून परत येत होता.

पानाच्या तळाशी काय लिहिलंय ते कॉम्प्युटरने मला केव्हाच सांगितलं होतं. मी तिथे जाऊन थांबले.

"खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय," मी म्हणाले. "आमचं पोळं ते नीट म्हणत नाही. जरा वाचून दाखव."

त्याने घसा साफ केला. स्टूल पुढे सरकवायला जागा नव्हती, तरी सरकवलं.

"हां. एक वर्षाची गॅरंटी, वगैरे. काही नाही गं. नेहमीचंच."

तिथे लिहिलं होतं: वस्तू चित्रातल्यासारखी असेलच असं नाही, पैसे परत मिळणार नाहीत.

मी हात कळफलकावरून काढून मांडीवर ठेवले. वर्षभर तो मला सुई ओवायला सांगत होता. हाताला तेल लागलंय, तुझी बोटं बारीक आहेत, दिवा मिणमिणता आहे, रोज नवं कारण. मी जिभेवर दोरा ओला करून, तारेच्या कडीने सुई ओवून द्यायची, आणि वर टोमणाही मारायची, की डोळस माणूस आंधळीकडून सुई ओवून घेतो, कुठे सांगू नकोस. आणि मला काही कळलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांचे आजार ऐकून टाइप करणाऱ्या मला.

मी खिशातून फोन काढला. टेबलावर विजेचं बिल होतं, त्याच्यावर धरला. फोन त्याच्या सपाट आवाजात वाचू लागला. नाव, पत्ता, मागील वाचन, चालू वाचन.

"हे यंत्र माझ्याकडे आहे, दादा."

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

बाहेरच्या खोलीत पंखा कुरकुरत होता.

"म्हणजे ते पाण्याचं पत्र..."

"सगळी भांडीकुंडी कुणी भरली, असं वाटलं तुला?"

"मला वाटलं तुझा काहीतरी वेडेपणा चाललाय," तो म्हणाला. मग हळूच, "मग माझ्याकडून का वाचून घ्यायचीस?"

"तुझा आवाज आवडतो म्हणून. आणि तुला काय वाटेल म्हणून. आणि तू असं वाटेल ते सांगायला लागलास, तेव्हा मला वाटलं तू कंटाळलास मला."

हे बोलले आणि मला रडू आलं. दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. अंदाज चुकला, आधी कानावर पडला, मग सरकवला.

मग तो सांगत गेला. दीड वर्ष झालं. आधी दोरा दिसेना, मग मापाच्या फितीवरचे आकडे, मग समोरच्याचा चेहरा धुक्यात गेल्यासारखा. कोट शिवणं सोडलं, काज सोडले, आता फक्त पायजमे आणि उशांचे अभ्रे घेतो, तेही हाताच्या सवयीवर. यंत्र बाहेरच्या खोलीत बसवायचं, ते छोटीसाठी वाचणार, आणि आपण शेजारी बसून ऐकायचं. कुणाला काही कळलं नसतं. फोनवर ती जाहिरात आली तेव्हा तिच्यातली अक्षरं मोठी होती म्हणून वाचता आली, एवढंच. त्याला ती देवाने धाडल्यासारखी वाटली.

"डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"गेलो होतो. तुझ्या रुग्णालयात नाही गेलो, तिथला अहवाल तुझ्याकडेच टायपिंगला आला असता. दुसरीकडे गेलो. त्यांनी मशीनमध्ये बघितलं, कागद दिला, म्हणाले बाहेर बसा, मोठे डॉक्टर बोलावतील. मी कागद घेतला आणि घरी आलो."

"का?"

"तुझ्या वेळी तेच म्हणाले होते ना," दादा म्हणाला. "घराण्यात असू शकतं."

तो उठला. बाहेर मशीनचा खण उघडल्याचा आवाज आला, खाली गुंड्या सांडल्याचा, आणि मग तो परत आला. माझ्या हातात एक कागद दिला, चार घड्यांचा, घड्यांवर मऊ झालेला. तेल आणि खडूचा वास होता त्याला. आठ महिने तो कागद त्या खणात पडून होता आणि वाचायला घरात दोन माणसं होती, दोघंही एकमेकांना सांभाळत बसलेली.

"वाच," तो म्हणाला.

मी कागद टेबलावर हाताने सपाट केला. घड्यांमुळे दोनदा फोटो नीट आला नाही. तिसऱ्यांदा फोन बोलला. उजवा डोळा, पिकलेला मोतीबिंदू. डावा डोळा, मोतीबिंदू. मागचा पडदा, दिसला तितका निरोगी. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी सुधारण्याची चांगली शक्यता. लवकर यावे.

"पुन्हा लाव," दादा म्हणाला.

मी पुन्हा लावलं. "पडद्याचं परत लाव." पडद्याचं परत लावलं. चार वेळा ऐकलं असेल त्याने. माझ्या कामात हे वाक्य मी आठवड्यात दहादा टाइप करते आणि बिस्किट खाणारे डॉक्टर ते घास गिळायच्या आत बोलून टाकतात.

दादाने नाक पुसलं. मग स्टूल मागे सरकवलं, माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि त्याची घडी घातली.

"हे खरं कशावरून?" तो म्हणाला.

"दादा, हा कागद आहे. डॉक्टरांनी दिलेला."

"पानही चांगलं दिसत होतं की. मला पाहिजे तेच लिहिलेलं होतं त्याच्यावर." तो थांबला. "यावर नंबर असेल, तो नको लावूस. तुझ्या रुग्णालयातला लाव, तुला पाठ आहे तो. त्यांना पुन्हा बघू दे सगळं पहिल्यापासून. आणि अहवाल तूच टाइप कर, म्हणजे मला नेहमीचंच म्हणता येणार नाही."

मी ते पान बंद केलं. नऊ मिनिटं अजून शिल्लकच होती. मग मी रुग्णालयाचा नंबर फिरवला, आणि घंटा वाजत असेपर्यंत दादाने माझं मनगट सोडलं नाही.