देण्यात आला

पान एकशे बारा कुणी जुळवलं, असं प्राध्यापक क्षेमकल्याणींनी छापखान्याच्या उंबऱ्यातूनच विचारलं. सावळीरामने हातातली खिळे जुळवायची स्टिक खाली ठेवली आणि म्हणाला, "मी, सर." सरांच्या हातातल्या प्रुफावर लाल शाईचा असा गोल होता की तो दोन टेबलांपलीकडूनही दिसावा. शेजारचा जुळारी गोरक्ष मान खाली घालून उगीच खिळे चाळू लागला, कारण बावीस वर्षांत सावळीरामच्या वाट्याला असा गोल कधी आला नव्हता.

साल चौऱ्याहत्तरचं. रविवार कारंजाजवळच्या चिमाजीअण्णांच्या छापखान्यात लग्नपत्रिकांपासून सरकारी कचेऱ्यांच्या फॉर्मांपर्यंत वाट्टेल ते छापलं जाई, पण पुस्तक आलं की ते सावळीरामकडेच जायचं. शिशाचा एकेक खिळा उचलून तो उलट्या अक्षरांच्या ओळी अशा लावी की प्रुफं वाचणाऱ्याला काम उरू नये. लेखक चुकला असला तरी त्याची चूक तशीच्या तशी जुळवायची, पदरचं काही घालायचं नाही, हा धंद्याचा नियम तो नव्या माणसाला पहिल्या दिवशीच शिकवी. या बाबतीत त्याचं सोवळं भलतंच कडक होतं आणि त्याचा त्याला मनातून अभिमानही होता.

क्षेमकल्याणी सरांचं पुस्तक होतं महायुद्धानंतरच्या अमेरिकेवर, बी.ए.च्या मुलांसाठी. सरांनी लिहिलं होतं, 'निग्रोंना बसमध्ये पुढच्या बाकांवर बसण्याचा हक्क देण्यात आला.' सावळीरामने जुळवलं होतं, 'निग्रोंनी बसमध्ये पुढच्या बाकांवर बसण्याचा हक्क मिळवला.'

अण्णांना आधी ते खरंच वाटेना. सरकारी फॉर्मांमध्ये 'देण्यात आला', 'करण्यात आले' हे शब्द इतक्या वेळा येत, की त्यांचे तयार तुकडे दोऱ्याने बांधून खिळ्यांच्या केसच्या कडेलाच ठेवलेले असत. नुसता उचलायचा आणि ओळीत बसवायचा. तो सोडून या गड्याने 'मिळवला'चे खिळे एकेक करून वेचले होते. कधी वेचले हे त्याचं त्यालाही आठवत नव्हतं, आणि त्यामुळेच तो आतून हादरला होता.

"कॉपीबरहुकूम जुळवायचं, हा नियम मी मोडला," तो म्हणाला. "माफी मागतो, सर."

सर लगेच निवळले. माणूस फटकळ असला तरी डूख धरणारा नव्हता. दोन शब्दांची तर गोष्ट, दुरुस्त करून टाका, म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. जुळवलेल्या पानांचा फर्मा उद्या मशीनवर चढायचा होता. सावळीरामने चिमटा उचलला, ओळीपाशी नेला आणि त्याचा हात तिथेच थांबला. त्याला लाज वाटली, रागही आला, पण हात काही पुढे जाईना. शेवटी त्याने चिमटा खाली ठेवला.

"सर, वरच्या परिच्छेदात तुम्हीच लिहिलंय," तो हळू म्हणाला. "तीनशे एक्याऐंशी दिवस ती माणसं बसमध्ये चढली नाहीत. पायी कामावर गेली. मग दिला कुणी?"

कोर्टाने दिला, सर म्हणाले. निकाल लागला, हक्क देण्यात आला, इतिहासात भावनेला जागा नसते. हे ते वर्गात बोलावं तसं बोलले. पण अण्णांचा पडलेला चेहरा पाहून त्यांनीच एक तोड काढली. 'निग्रोंना हक्क मिळाला' असं करू या. ना तुमचं, ना माझं. खिळेही फार हलवायला नकोत.

अण्णांचा जीव भांड्यात पडला. सावळीरामने मात्र मान हलवली.

"रस्त्यात पडलेला रुमाल मिळतो, सर. हे तसं मिळालेलं नाय."

आता अण्णांनी ठेवणीतला आवाज काढला. ओळ लाव, नाहीतर एप्रन काढून ठेव आणि घरी जा, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. सावळीरामच्या डोळ्यांपुढे बायको विमलाबाई आली, शाळेत जाणाऱ्या दोन मुली आल्या, घरी बसलेला म्हातारा बाप आला. मग त्याने एप्रनची गाठ सोडली. गोरक्षला म्हणाला, ओळ तू लाव, माझ्या हातून होणार नाही.

"अहो, पण त्या अमेरिकेशी तुमचा संबंध काय?" सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

सावळीरामने एप्रनची घडी घालत घालत सांगितलं. त्याचा बाप सहादू तीस साली सायखेड्याहून भाकरी बांधून चालत नाशकात आला होता आणि काळारामाच्या दारात सत्याग्रहाला बसला होता. एकदा दगड लागून त्याची भुवई फुटली. पाच वर्षं तो येत-जात राहिला. देऊळ उघडलं नाही. आणि दोन वर्षांपूर्वी याच छापखान्यात यात्रेकरूंसाठी माहितीपुस्तिका छापली, तेव्हा 'मंदिर पुढे सर्वांसाठी खुले करण्यात आले' हे वाक्य सावळीरामनेच लावलं होतं, कडेचा तयार तुकडा उचलून. मोठ्या हौसेने त्याने ते बापाला वाचून दाखवलं, तर म्हातारा एवढंच म्हणाला, "कुनी केलं?"

"मला सांगता आलं नाय, सर," सावळीराम म्हणाला.

क्षेमकल्याणींनी हातातलं प्रूफ टेबलावर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या दाराला बसायचे?"

"पूर्वेच्या."

"आमचं घर त्याच अंगाला. मी सात वर्षांचा होतो. आमच्या दाराला आतून कडी घातलेली असायची. मी फटीतून बघायचो. ती माणसं उन्हात बसलेली असायची. मला वाटायचं, यांना तहान लागत नाही का."

त्यांनी प्रूफ पुढे ओढलं, खिशातून लाल पेन काढलं आणि आपलाच गोल आडवी रेघ मारून खोडला. बाजूला लिहिलं, 'आहे तसेच ठेवावे', आणि खाली सही केली. वर म्हणाले, की पुस्तकावर नाव माझं आहे, तेव्हा आता हे वाक्य माझं झालं. पण मास्तरच ते. उठता उठता पुढच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, इथला स्वल्पविराम तरी कुठे गेला?

"तो मात्र माझाच चुकला," सावळीराम म्हणाला आणि त्याने तो तिथल्या तिथे बसवला. एप्रन अण्णांनीच उचलून त्याच्या खांद्यावर टाकला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी चहा स्वतःच्या हाताने आणला.

रविवारी सावळीराम छापून झालेला एक पुसट कागद घरी घेऊन आला. सहादू ओट्यावर उन्हाला बसला होता. त्याला अक्षर येत नव्हतं, पण कागद हातात धरून त्याने तो उलटसुलट पाहिला. सावळीरामने सगळी हकीकत सांगितली. अमेरिकेतलं शहर, तिथली काळी माणसं, बस, पुढची बाकं, तीनशे एक्याऐंशी दिवसांची पायपीट. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बसले का म्होरं?"

"बसले, आबा."

"कंच्या साली?"

"छप्पन."

सहादू एकदम ताठ झाला. छप्पन सालीच तो नागपूरला जाऊन बौद्ध झाला होता. देऊळ तोवर उघडलं होतं, पण तो त्याची पायरी कधीच चढला नाही.

"म्हंजी आपल्याच साली," तो म्हणाला.

आणि सावळीराम वाचायला लागणार, तोच त्याने हात वर केला. काठी टेकत आत गेला. सुनेला पाणी मागून तोंड धुतलं. पेटीतला पांढरा सदरा, वर्षातून एकदा चौदा एप्रिलला घालायचा, तो काढून गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. मग बाहेर येऊन मांडी घालून बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"हां," म्हणाला, "वाच आता. पयल्यापासनं."