सासऱ्यांचा एकच तारा

सकाळचा चहा झाला की सर तंत्रज्ञानाला नापास करायला बसत.

उभी हयात पेपर तपासण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर पेपर यायचे थांबले, पण हाताची सवय जाईना, तेव्हा त्यांनी फोनमधल्या बातम्या तपासायला घेतल्या. दूध संपलं की मालकाला निरोप धाडणारा फ्रिज बाजारात आला, ही बातमी त्यांनी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, ज्याला फ्रिज उघडून आत बघता येत नाही त्याने फ्रिज नाही, डॉक्टर गाठावा. दात घासायचा ब्रश आता फोनला जोडता येणार होता. म्हणजे उद्या चार्जिंग नाही म्हणून लोक तोंडाला वास घेऊन हिंडणार. एका कंपनीने पर्यावरणाच्या काळजीपोटी फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला होता. सर म्हणाले, पुढच्या खेपेला फोनही काढतील, नुसतं खोकं विकतील, आणि लोक त्यासाठीसुद्धा रांग लावतील.

सासूबाईंचं तंत्रज्ञानाविषयी एकच मत होतं. चहा गार होतोय, एवढंच त्या म्हणायच्या.

शाळेत सरांना 'काठावरचे सर' म्हणत. त्यांच्या तावडीतून सुटलेला प्रत्येक विद्यार्थी काठावरच सुटायचा. हुशार असो की ढ, सरांच्या लाल पेन्सिलीला हात सैल सोडणं ठाऊकच नव्हतं. पोटच्या मुलालाही त्यांनी काठावरच पास केलं होतं आणि त्याने ती सगळी सुट्टी बापाशी अबोला धरून काढली होती.

या मुलाची बायको, म्हणजे सून, हे सगळं ऐकत चहा संपवायची आणि आतल्या लहान खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. तिथे तिचं टेबल होतं, कॉम्प्युटर होता आणि नोकरी होती. गोळ्या घ्यायची आठवण करून देणारं एक अ‍ॅप होतं. ते वापरणारे लोक त्याला तारे द्यायचे, खाली तक्रारी लिहायचे आणि त्या तक्रारींना उत्तरं लिहायचं काम तिचं. सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकायच्या म्हणून तिनेच मोठ्या हौसेने ते अ‍ॅप त्यांच्या फोनवर घालून दिलं होतं. आपली नोकरी याच अ‍ॅपमध्ये आहे, हे सांगायचं मात्र राहून गेलं. सुनेच्या कामात नाक खुपसायचं नाही हा सरांचा नियम असल्यामुळे त्यांनीही कधी विचारलं नाही.

मग एक दिवस सकाळी चहाच्या वेळी ऐकलेलं वाक्य दुपारी तिच्या पडद्यावर उगवलं. 'गोळी घेतली की पडद्यावर एक गोळी नाचते आणि टाळ्या वाजवते. मी रक्तदाबाचा रोगी आहे, सर्कशीचा प्रेक्षक नाही.' लिहिणाऱ्याचं नाव होतं 'परीक्षक'. खाली टीप होती, 'शून्य द्यायची सोय नाही, म्हणून एक तारा.'

तिने कपाळाला हात लावला. मागचं सगळं उकरून पाहिलं तर परीक्षकाने एकही अपडेट सोडलं नव्हतं. कधी लिहिलं होतं, ''घेतली' हे बटण खाली होतं, ते वर गेलं. का गेलं? कारणे द्या.' कधी, 'गोळीची वेळ झाली हे सांगण्याआधी जाहिरात दाखवता. तीही खारवलेल्या वेफर्सची. हा प्रश्न सोडवताना विद्यार्थ्याचं लक्ष कुठे होतं?' प्रत्येकाला एक तारा. आणि प्रत्येकाखाली तिनेच, कंपनीने नेमून दिलेल्या तयार वाक्यांतून उचलून, लिहिलं होतं, 'प्रिय ग्राहक, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.'

खरं सांगायचं तर तिला परीक्षकाचा एकही शब्द खोटा वाटत नव्हता. नाचरी गोळी तिलाही असह्य व्हायची. पण नोकरीत खरं बोलण्याचा पगार मिळत नाही, दिलगिरीचा मिळतो.

जेवताना सर ती उत्तरं वाचून दाखवू लागले, तेव्हा तिच्या नाकाला मिरच्या झोंबायला लागल्या. सर म्हणाले, काहीही लिहा, हे आपलं दिलगीर. हे यंत्रच असणार, माणूस इतका ढ नसतो. सासूबाई हसल्या, नवरा हसला. ती ताटात बघून जेवत राहिली.

एवढ्यावर भागलं असतं. पण एका मीटिंगमध्ये मॅनेजरने, जो वयाने तिच्या धाकट्या भावाएवढा होता आणि बोलताना हवेत हातांनी आलेख काढायचा, सगळ्यांना बातमी दिली. अ‍ॅपच्या ताऱ्यांची सरासरी चारच्या खाली घसरली होती. तिमाही संपेपर्यंत ती चारच्या वर गेली नाही तर उत्तरं द्यायला यंत्र आणायचं आणि ही टीम बंद करायची, असं वरून ठरलं होतं. मग त्याने पडद्यावर पहिल्या क्रमांकाची तक्रार दाखवली. शेकडो लोकांनी तिला 'उपयुक्त' म्हटलं होतं, म्हणून अ‍ॅप बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच दिसायची. वेफर्सवाली. या एका म्हाताऱ्याला कुणीतरी आवरा, असं मॅनेजर म्हणाला. तिने कॅमेरा बंद केला.

नोकरी जाणं म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घर नवऱ्याच्या पगारावर चाललं असतं, उपाशी कुणी राहिलं नसतं. पण त्या घरात तिच्या हक्काचं असं एक ते दारच होतं. ते लावलं की तिला कुणी हाक मारत नसे. नोकरी गेली की दार गेलं, आणि दार गेलं की दिवसभर 'जरा इकडे ये गं' सुरू. ते तिला नको होतं, अजिबात नको होतं.

तिने आडून आडून प्रयत्न केले. अ‍ॅपचा नवा रंग डोळ्यांना बरा वाटतो, असं ती सरांसमोर दोनदा म्हणाली. सर म्हणाले, अक्षर छान असलं म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. तिने सासूबाईंना मध्ये घालायचं पाहिलं. सासूबाईंनी हात टेकले. इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाला 'बरा आहे' याच्या पुढे गुण मिळाले नाहीत, त्या म्हणाल्या, तुझ्या अ‍ॅपला कुठून मिळणार?

शेवटी ती सरळ सरांपुढे जाऊन उभी राहिली. सर चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावर होता.

"बाबा, ती उत्तरं यंत्र देत नाही. मी देते."

सरांनी शोधणं थांबवलं. जेवताना आपण काय काय बोललो ते त्यांना एकेक करून आठवत असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

"मग चुका दुरुस्त का करत नाहीस?"

"दुरुस्त करणारे वेगळे. मी फक्त दिलगीर असते."

"कशाबद्दल?"

"जे काही होईल त्याबद्दल."

मग तिने सरासरीचं सगळं सांगितलं. सरांना ते पटेना. कमी गुण विद्यार्थ्याच्या भल्यासाठी असतात, एक तारा म्हणजे अभ्यास वाढवा, असं त्यांनी तिला समजावलं. ती म्हणाली, "तिथे तसं वाचत नाहीत, बाबा. पाच म्हणजे ठीक, चार म्हणजे नाराज, आणि एक म्हणजे माझी नोकरी."

सर खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे वशिला लावते आहेस."

"हो," ती म्हणाली. "लावते आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी एकही बातमी तपासली नाही. चहा गरम असतानाच प्यायले. सासूबाई त्यांना बरं नाही की काय म्हणून कपाळाला हात लावून पाहून गेल्या. दुपारी सुनेच्या पडद्यावर परीक्षक आला. पाच तारे होते. खाली लिहिलं होतं, 'अ‍ॅपमध्ये काडीची सुधारणा नाही. वेफर्स अजून आहेत. पण तक्रारींना उत्तर देणारी व्यक्ती स्वतःचा काहीही दोष नसताना रोज सगळ्यांची माफी मागते आणि एकदाही आवाज चढवत नाही. पाचही तारे तिचे.'

ती टेबलाशी बसून रडली. त्या घरात आजवर कुणाला पैकीच्या पैकी मिळाले नव्हते. डोळे पुसून तिने तयार वाक्यं बाजूला सारली आणि पहिल्यांदा आपल्या मनाचं लिहिलं. 'मनापासून आभार. गोळी जेवणानंतरच घ्या. आणि चष्मा कपाळावर आहे, शोधत बसू नका.'

हे लोकांना भलतंच आवडलं. पलीकडे कुणी माणूस बसलेलं आहे, हे बऱ्याच जणांच्या ध्यानीमनी नव्हतं. परीक्षक म्हणजे कोण, ही बातमी सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांपर्यंत गेली. काठावरच्या सरांनी कुणाला पैकीच्या पैकी दिले, हे बघायलाच ते आले आणि आपलेही तारे ठेवून गेले. सुनेलाही हुरूप आला. कुणाला ती आधी पाणी प्या म्हणून लिही, कुणाला गुडघ्याची चौकशी करी. तिमाही संपायच्या आत सरासरी चारच्या वर गेली.

पुढच्या मीटिंगमध्ये मॅनेजरच्या हाताने काढलेला आलेख पार त्याच्या डोक्याच्या वर गेला. त्याने सगळ्यांचं अभिनंदन केलं, तिचं नाव घेऊन जरा जास्तच केलं, आणि म्हणाला, "लोकांना तुमची उत्तरं इतकी आवडली, मॅडम, की आपण यंत्राला तीच शिकवली आहेत. चाचण्यांमध्ये ते फार कोरडं बोलायचं. आता हुबेहूब तुमच्यासारखं बोलतं."

तिने विचारलं, सरासरी चारच्या वर गेली तर टीम राहणार होती ना?

मॅनेजर गोड हसला. चारच्या खाली असताना यंत्र आणणं ही गरज होती, तो म्हणाला, आता ती संधी आहे. मग सगळ्यांचे मनःपूर्वक आभार मानले गेले आणि संध्याकाळच्या आत तिचं लॉगिन बंद झालं. जाता जाता कंपनीने तिच्या फोनवर एक प्रश्न पाठवला. 'आमच्यासोबतचा तुमचा प्रवास कसा वाटला? तारे द्या.' तिने त्याला हात लावला नाही.

सासूबाईंनी तिच्या आवडीची भाजी केली. पण हळूहळू त्या खोलीत इस्त्रीचे कपडे आले, मग जुनी गादी आली, आणि दार लावून घ्यायला काही कारण उरलं नाही.

सरांना मात्र स्वस्थता नव्हती. आयुष्यात एकदाच हात सैल सोडला आणि तोच नेमका नडला, असं ते सासूबाईंना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. एका सकाळी त्यांनी फोन उचलला, पाच तारे पुसले, एक ठेवला आणि कंपनीची सालटी काढली. सून शेजारी बसून कपड्यांच्या घड्या करत होती. सरांनी फोन खाली ठेवायच्या आत उत्तर आलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. गोळी जेवणानंतरच घ्या. आणि चष्मा कपाळावर आहे, शोधत बसू नका.'

चष्मा नाकावर होता. सरांनी तो काढला, हातात धरला आणि सुनेकडे बघितलं.

"माझ्या वर्गात कॉपी करताना कुणी सापडला की मी त्याला बाहेर काढायचो," ते म्हणाले. "इथे कॉपी करणारा आत बसलाय आणि जिचा पेपर होता तिला बाहेर काढलंय."

तिला यावर हसायला आलं आणि रागही आला. राग जास्त होता. तिने घडी अर्धवट सोडली, आपला फोन घेतला, कंपनीचा तो प्रश्न शोधून काढला आणि शून्याची सोय आहे का ते आधी पाहिलं. नव्हती. तिने एक तारा दिला आणि खाली लिहिलं, 'माझी वाक्यं परत करा.'

उत्तर लगेच आलं. गैरसोयीबद्दल ते मनापासून दिलगीर होते. तिने आधी पाणी प्यावं, असं त्यात होतं, गुडघ्याची चौकशी होती आणि शेवटी चष्म्याचंही होतं. सगळं तिनेच लिहिलेलं. वाचता वाचता तिचा हात आपसूक कपाळाकडे गेला. तिला चष्मा नव्हताच.