बाटली आणि पदराचं फडकं

मी एक जुनी काचेची बाटली आहे, मित्रांनो, आणि मला एका फडक्याचा हेवा वाटतो.

डोंगरकडा गावात उत्तमरावांच्या घरी मी सरबत घेऊन आले. सरबत संपल्यावर त्यांच्या पत्नी पद्माबाईंनी मला शेतातल्या इंजिनाजवळ ठेवलं. त्या इंजिनावर हळद पॉलिश करायचा ढोल फिरतो. पद्माबाई कॅनमधलं डिझेल आधी जुन्या पदराच्या फडक्यातून गाळत. मग थोडं माझ्यात ओतून चहा होईपर्यंत ठेवत. डिझेलमध्ये पाणी असलं तर ते तळाशी वेगळं दिसे. "माही बाटली खोटं बोलत न्हाई," असं त्या म्हणत.

दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या. तेव्हापासून उत्तमराव ते फडकं स्वतः धुतात. डिझेलचा वास येतो, तरी घडी घालून उशाशी ठेवतात. मला मात्र त्यांनी शेडातल्या फळीवर टाकलं. मीही पद्माबाईंच्याच हातची होते ना? त्या फडक्याची एकदा तरी फजिती व्हावी, असं मला रोज वाटे.

यंदा हळद वाळली आणि मधेच अवकाळी पाऊस झाला. कॅन बाहेर होता, त्याचं झाकण चिरलेलं होतं. उत्तमराव डिझेल गाळून टाकीत ओतणार, तोच त्यांची मुलगी पुनम म्हणाली, "बाबा, थांबा. आधी बाटलीत बघा."

"काहून? तुह्या मायच्या फडक्यातून गाळलं की!"

"फडकं कचरा धरतं, पाणी न्हाई धरत. माय दोन्ही करायची."

"लई शहाणी झालीस. कामाचा खोळंबा व्हतो."

"व्हऊ द्या. इंजिनाचा पंप गेला तर आठ दिस खोळंबा!"

तिने मला पुसून भरलं. थोड्या वेळाने माझ्या तळाशी दोन बोटं पाणी दिसलं. ते टाकीत गेलं असतं तर इंजिन बंद पडून सगळी हळद खळ्यावरच राहिली असती.

मी जिंकले होते. आता ते फडकं फेकतील, असं मला वाटलं. उत्तमराव मला हातात धरून खाली बसले.

"तुह्या मायनं धा वेळा सांगितलं व्हतं मला," ते म्हणाले. मग उठले आणि फडकं धुऊन वाळत घातलं. खरं सांगते, मला पुन्हा हेवा वाटला.

आता मी रोज कामावर असते. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जपता, तशी त्याची कामाची रीतही जपा. आणि घरी माझ्यासारखी बाटली असेल तर तिला धुतल्यावर आधी पुरती कोरडी करा. नाहीतर तिच्याच अंगचं पाणी तळाशी दिसेल, आणि दोष बिचाऱ्या डिझेलवर जाईल.