उद्यापासून भजी नाहीत

कुरोसे घाटाच्या माथ्यावर पत्र्याची एक लांबट शेड आहे. तिथे विकायला माणूस कोणी नाही, सगळा कारभार मशिनांचा. आत शिरलं की डाव्या हाताला कॉफी, चहा आणि मक्याच्या सुपाचे डबे देणारं मशीन. त्याच्या शेजारी चांदीच्या कागदात गुंडाळलेला, हाताला चटका देणारा टोस्ट बाहेर ढकलणारं. मग शेजारीण हिसायोच्या कोंबड्यांची अंडी कप्प्याकप्प्यांत ठेवलेलं, नदीवर गळ टाकायला जाणाऱ्यांसाठी गांडुळांचं, आणि वरच्या दफनभूमीकडे जाणाऱ्यांसाठी फुलं-उदबत्त्यांचं. गांडुळं आणि फुलं शेजारी शेजारी कशाला, असं कोणी विचारलं तर शेडचा मालक एइझो म्हणायचा, "दोन्हीकडची गिऱ्हाइकं गप्प बसणारी. भांडणार नाहीत."

आणि सगळ्यात शेवटी, भिंतीला पाठ लावून, उदोनचं मशीन. नारिंगी रंग उडालेलं, एक कोपरा चेपलेलं. नाणी टाकायची, हात चोळत उभं राहायचं, आत घरघर होते आणि खिडकीतून वाफाळता वाडगा पुढे सरकतो. जाड पांढऱ्या शेवया, सार, आणि कांदा-गाजर-बारीक कोळंबीचं तळलेलं चपटं भजं. ट्रकवाले या भज्यासाठी वाट वाकडी करून घाट चढायचे.

भजी तळायची तोमोए. मशिनात वाडगे भरायचा तिचा नवरा एइझो. आता एइझो नव्हता.

"वहिनी, रागावू नका," निइमी म्हणाला. हा लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रकवाला, एइझोच्याच वयाचा, तोंडाने मोकळा. "पण आजही भजं नव्हतं."

"असं कसं? मी स्वतः ठेवलंय."

"मी काय खोटं बोलतोय? शेवया होत्या, सार होतं, कांद्याची एक कातळी तरंगत होती. भजं गायब. काल त्या सिमेंटच्या गाडीवाल्यालाही नाही मिळालं. तो म्हणत होता, म्हातारा गेला आणि म्हातारी चिकट झाली."

"त्याच्या जिभेला काही हाड आहे का!" तोमोए म्हणाली. भजं ठेवल्याचं तिला पक्कं आठवत होतं. तिने प्रत्येक वाडग्यात शेवयांवर अलगद, मधोमध, गिऱ्हाइकाचे डोळे निवतील असं ठेवलं होतं. तिने निइमीला दुसरा वाडगा काढून दिला. त्यातही भजं नव्हतं.

त्या दिवशी ती कशी घरी आली ते तिचं तिला ठाऊक. कारण 'भजी नाहीत' हे शब्द तिचेच होते.

एइझो गेला त्या सकाळची गोष्ट. तोमोए पहाटेपासून कढईपुढे उभी होती. तेलाचा थेंब मनगटावर उडाला आणि इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम उतू आलं. "सगळा घाट त्या मशीनचं कौतुक करतो," ती म्हणाली होती. "मशीनचं भजं म्हणतात! मशीनला हात आहेत का? एकाला तरी कधी सांगितलंत, ही माझी बायको तळते म्हणून? मी म्हणजे काय, गॅसची शेगडी?" एइझो भज्यांचा डबा फडक्यात बांधत राहिला. गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "बरं." एवढंच. तेव्हा ती त्याच्या पाठीवर ओरडली, "उद्यापासून भजी नाहीत! तुमची तुम्ही बघा!"

दुपारी अंडी ठेवायला गेलेल्या हिसायोला तो मशीनच्या मागे, स्टुलावर, भिंतीला टेकून बसलेला सापडला. मशीनचा दरवाजा उघडा होता. अर्धे वाडगे भरून झाले होते.

गेलेलं माणूस एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत आसपासच असतं, मग त्याची वाट वेगळी होते, हे घाटातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. अस्थींचा कलश घरात फोटोपुढे होता. पण तोमोएला घरात तो कुठेच जाणवत नव्हता. घरी तो फक्त झोपायला यायचा. जीव सगळा त्या शेडमध्ये. म्हणून तिने ठरवलं, तो दिवस उजाडेपर्यंत मशीन चालू ठेवायचं. त्यानंतर बंद. त्याला निदान ओळखीच्या जागी बसता येईल. आणि खरं सांगायचं तर तिला एकच गोष्ट विचारायची होती: रागावून गेलात का? त्या "बरं"चा अर्थ काय होता? तो एकदा निघून गेला की विचारायचं कोणाला?

मशीनचं काम तिला कोणी शिकवलं नव्हतं. एइझो त्या मागच्या दाराशी कुणाला फिरकू द्यायचा नाही. "हा माझा प्रांत, कढई तुझी," म्हणायचा. आणि स्वतः तळलेलं भजं मशीनला पैसे देऊन कोण खातं? तिने कधीच खाल्लं नव्हतं. एइझोने आटवून ठेवलेलं सार पातळ करून तिने आपल्या अंदाजाने टाकी भरली आणि पाहुण्याला वाढावं तसे वाडगे सजवले.

आणि भजी जायला लागली.

निइमीच्या तक्रारीनंतर दुसऱ्या दिवशी तिने मोठी भजी तळली. गेली. तिसऱ्या दिवशी ती स्वतः मशीनपुढे उभी राहिली, नाणी टाकली. आत घरघर सुरू झाली. काहीतरी पाण्याचा फवारा उडाल्यासारखा आवाज, मग भिंगरी फिरावी तसा, मग धप्प. वाडगा आला. तिने जेवायच्या काठ्यांनी वरच्या शेवया बाजूला केल्या. भज्याचा मागमूस नाही, फक्त साराच्या कडेला तेलाचा एक बारीक ठिपका तरंगत होता.

त्याच वेळी मागून आवाज आला, "या, या! गारठलात ना?"

ती दचकून वळली. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. कॉफीचं मशीन बोललं होतं. पुढे कोणी उभं राहिलं की ते "या, या" म्हणतं, कोणी निघालं की "जपून जा हं" म्हणतं. शहरातल्या कुठल्यातरी मुलीचा आवाज भरलाय त्यात. पण त्याच्यापुढे कोणी नव्हतं. तोमोए तशीच उभी राहिली. मशीनने "जपून जा हं" काही म्हटलं नाही. म्हणजे जो आला होता तो तिथेच होता.

"अगं, रागावलाय तो तुझ्यावर," हिसायो म्हणाली. अंड्यांचे कप्पे भरता भरता ती सगळ्या घाटाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. "तूच म्हणालीस ना उद्यापासून नाहीत? मग तो म्हणतो, नाहीत तर नाहीत. माझा सासरा मेल्यावर तीन महिने आमच्या कोंबड्यांनी अंडी दिली नाहीत."

"तुझ्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, हिसायो."

"त्या झाल्या होत्याच. पण सासराही खडूस होता. देवळातल्या भिक्षूंना बोलव, दोन मंत्र म्हणतील."

"काय सांगू त्यांना? माझ्या नवऱ्याचं भूत भजी चोरतं म्हणून?"

हिसायो हसली. तोमोएला हसू आलं नाही. ती घरी येऊन फोटोपुढे बसली, बशीत गरम भजं ठेवलं आणि म्हणाली, "अहो, रागाच्या भरात बोलले. तोंड सुटतं माझं, तुम्हाला माहीत आहे. पण गिऱ्हाइकांच्या ताटातलं कशाला ओढता? हे घ्या ना." बशीतलं भजं संध्याकाळी जसंच्या तसं होतं. गार झालेलं, तेल सुटलेलं. तिच्या हातचं मागून दिलेलं त्याला नको होतं, असाच अर्थ तिने घेतला.

डोंगरावरची झाडं लाल होऊन झडली. डबे भरणारा गाडीवाला येऊन त्या मशीनवरच्या 'थंड'च्या निळ्या पट्ट्या काढून 'गरम'च्या लाल पट्ट्या लावून गेला. दिवस सरत होते, तसतसा शेडमध्ये एक वास येऊ लागला. जुन्या तेलाचा, खवट. तोमोएने तो ओळखला. एइझोच्या कोटाला असाच वास असायचा. रोज तो वाढत होता, विशेषतः उदोनच्या मशीनपाशी. तिला भीती वाटायची आणि तरी ती त्याच वासाकडे जाऊन उभी राहायची. कॉफीचं मशीन अधूनमधून समोर कोणी नसतानाही "या, या" करायचं. एकदा तिने उलट उत्तर दिलं, "आलेच आहेत ते. बसलेत."

एकोणपन्नासाव्याच्या आदल्या दुपारी निइमी आला आणि नाकाला पंचा लावून म्हणाला, "वहिनी, काहीतरी मेलंय इथे."

"तसं बोलू नका."

"अहो, खरंच मेलंय. उंदीर असेल. मागचं दार उघडा."

तो गुडघ्यावर बसला, मशीनच्या पोटाखाली हात घातला आणि एक जाळीचा ट्रे खेचून बाहेर काढला. असा ट्रे तिथे आहे हे तोमोएला माहीतच नव्हतं. ट्रे भरला होता. भिजून फुगलेली, बुरशी धरलेली, एकमेकांत लगदा झालेली तिची भजी. सगळीच्या सगळी.

निइमी बघत राहिला. मग त्याने वर न्याहाळलं, भरून ठेवलेले वाडगे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "तुम्ही भजं वर ठेवता?"

"मग कुठे ठेवणार? डोक्यावर?"

"खाली! शेवयांच्या खाली! हे गरम पाणी मारतं, मग वाडगा गरगर फिरवून पाणी झटकतं. वर जे असेल ते उडून जाणार नाही तर काय? म्हाताऱ्याने सांगितलं नाही?"

तोमोए खाली बसली. खरं तर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. भूत नाही, राग नाही, शाप नाही. एक ट्रे आणि फिरणारा वाडगा. पण तिला रडू कोसळलं, आणि ते थांबेना. रागावलेला का होईना, तो इथे होता असं ती मानून चालली होती. आता तोही नव्हता. इतके दिवस ती कुजलेल्या तेलाशी बोलत होती.

"वहिनी, अहो, भज्यांसाठी कोणी इतकं रडतं का?" निइमी गडबडला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं. तो स्टूल ओढून बसला. "आम्ही त्याला चिडवायचो. म्हणायचो, भजं लपवून ठेवतोस, लाज वाटते का? वर ठेव की, दिसू दे. तर म्हणायचा, 'वरचं सगळं मशीनचं आहे. माझी बायको तळाशी आहे. तळापर्यंत खाल तेव्हा भेटेल.' प्रत्येक नव्या गड्याला हेच ऐकवायचा. आम्हाला पाठ झालं होतं. कोणी अर्धं टाकून उठला तर ओरडायचा, 'अरे, तोमोएला न भेटता चाललास?'"

तोमोएने डोळे पुसले. "माझं नाव घ्यायचे?"

"घाटात कुणालाही विचारा. तुमचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही कधी आला नाहीत म्हणून तोंड ठाऊक नव्हतं."

मग तिने ट्रे उचलला, बाहेरच्या नळावर नेला आणि तार लावून लख्ख घासला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिक्षूंनी मंत्र म्हटले, कलश वरच्या थडग्यात ठेवला गेला. तोमोएने फुलं आपल्याच मशीनमधून घेतली होती. खाली आल्यावर तिने शेवटचे वाडगे भरले: आधी भजं, वर शेवया. कढईतलं पीठ संपत आलं की शेवटचं भजं वेडंवाकडं व्हायचं, कोळंबी सगळी त्यात गोळा झालेली. ते एइझो नेहमी स्वतःसाठी उचलायचा. आज ते तिने शेवटच्या वाडग्यात, तळाशी, हाताने दाबून ठेवलं आणि वर शेवया पसरल्या.

निइमीने खाल्लं. "आहे! आहे!" तो भरल्या तोंडाने ओरडला. सिमेंटच्या गाडीवाल्याला मिळालं. त्याने खाली मान घालून माफी मागितली. हिसायोने खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाली. सगळे आपापल्या वाटेने गेले, ऊन समोरच्या डोंगरावर चढलं, आणि शेडमध्ये तोमोए एकटी उरली. तिने नाणी टाकली. घरघर, फवारा, भिंगरी, धप्प. शेवटचा वाडगा आला.

ती स्टुलावर बसून खाऊ लागली. घाई केली नाही. पहिल्यांदाच कळत होतं, सार किती चांगलं करायचा हा माणूस. शेवया संपत आल्या. तिने काठ्या तळाशी घातल्या.

भजं नव्हतं.

तिने वाडगा तोंडाला लावून सगळं सार पिऊन टाकलं. तळ पांढरा, स्वच्छ. कोळंबीचा एक दाणाही नाही. ती उठली, मागचं दार उघडलं, ट्रे ओढला. काल घासून ठेवला होता तसाच लख्ख होता, पाण्याचे चार थेंब तेवढे त्याच्यावर. तिने मशीनच्या पोटात हात घालून कानाकोपरे चाचपले. कुठे काही नव्हतं.

तोमोए ट्रे मांडीवर घेऊन तिथेच जमिनीवर बसली. घाबरायला हवं होतं, पण तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे वाहू लागले. "मीठ कमी होतं म्हणे," ती रिकाम्या शेडला म्हणाली. "तरी खाल्लंत ना?"

पलीकडे कॉफीच्या मशीनमधला दिवा लागला. त्याच्यापुढे कोणी नव्हतं.

"जपून जा हं," ते म्हणालं.